बाबांचं ड्रिल आणि माझे केस

आईने बाबांना शिवणयंत्र आणायला पाठवलं होतं. मिशनच्या बंगल्यातले म्हातारे साहेब आणि मडमबाई कायमचे विलायतेला परत निघाले होते आणि जाताना घरातल्या वस्तू चर्चच्या लोकांना वाटून टाकत होते. पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी जेवणाचं टेबल उचललं होतं. घंटा वाजवणाऱ्या येशूबाने साहेबांचे गुडघ्यापर्यंतचे बूट नेले होते आणि ते घालून तो भर उन्हात शिरूरच्या बाजारातून हिंडत होता. आईने शिवणयंत्राबद्दल तीन रविवार देवाकडे आणि एक रविवार मडमबाईंकडे शब्द टाकून ठेवला होता. संध्याकाळी बाबा परत आले ते काखेत एक हिरवी पत्र्याची पेटी मारून. चेहरा असा, की जणू मोशेसारखे देवाच्या आज्ञा घेऊन सिनाय डोंगरावरूनच उतरून आलेत.

"हे शिवणयंत्र?" आईने विचारलं.

"हे त्याहून उपयोगी आहे," बाबा म्हणाले.

"मग शिवणयंत्र कुणाला गेलं?"

"ते विचारायचं राहिलं."

पेटीत विजेवर चालणारं ड्रिल होतं. पिस्तुलासारखं, करड्या रंगाचं, उचलायला वरवंट्याएवढं जड. पुढे तीन जबड्यांचं तोंड आणि त्यात धरलेलं पीळदार पोलादी टोक. सोबत अशी लहानमोठी टोकं एका कापडात गुंडाळून ठेवलेली. आजच्या मुलांना यात काय नवल वाटणार? माझ्या नातवाकडे बॅटरीवरचं आहे, तो ते फोनवर बघत बघत चालवतो. पण आमच्या आळीत तेव्हा वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. घरात मिळून दोन दिवे होते, एक ओसरीवर आणि एक स्वयंपाकघरात. भिंतीत प्लग नावाची गोष्ट नव्हती. आईला तर विजेचा इतका धसका, की ती दिव्याचं बटण बोटाने कधी दाबायची नाही. दोन हात लांब उभी राहून लाटण्याच्या टोकाने दाबायची, आणि दिवा लागला की लाटणं पदराला पुसून परत पोळीवर ठेवायची. बाबांनी स्वयंपाकघरातला दिवा काढला, त्याच्या होल्डरला ड्रिलची वायर जोडली, स्टुलावरून उतरले आणि आईला म्हणाले, "दाब बटण." आईने लाटणं पुढे केलं. ड्रिल असं काही किंचाळलं की शेजारच्या गंगारामआप्पांच्या म्हशीने दावं तोडलं.

बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आळीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, आणि ते घरीही मास्तरच असायचे. बाबांना ठाऊक नाही अशी गोष्ट जगात नव्हती. भाजीत मीठ कधी घालावं, म्हशीला खुराक काय द्यावा, बायबलातल्या पौलाने बाप्तिस्म्याबद्दल काय म्हणायला हवं होतं, सगळं त्यांना माहीत. हातात कधी हातोडी धरली नव्हती एवढंच. त्यात आमची आणि गंगारामआप्पांची भिंत एकच, अर्ध्या विटेची, आणि आप्पा जातीचे सुतार. तीन पिढ्या त्यांच्या घरात करवत, रंधा आणि पटाशी. बाबांचं यंत्र आल्यापासून आप्पा रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागले. नाटकाला बसावं तसे.

पहिलं काम बाबांनी काढलं ते कोट अडकवायच्या खुंटीचं. त्यांनी कापडातलं सगळ्यात लांब टोक निवडलं, "एकदाच पक्कं होऊन जाऊ दे" म्हणाले आणि भिंतीवर वजन टाकलं. आधी खडखडाट झाला, मग सुस्कारल्यासारखा आवाज आला आणि ड्रिल जबड्यांपर्यंत आत गेलं. पाठोपाठ पलीकडून गंगारामआप्पांचा आवाज, भिंतीतून नाही, सरळ कानात बोलल्यासारखा.

"मास्तर, खंडोबाच्या तसबिरीशेजारून तुमचं टोक बाहेर आलंय. देवाला बाटवायचा इचार हाय का काय?"

बाबांनी भोकाशी तोंड नेऊन माफी मागितली. मग ते भोक तसंच राहिलं, कारण आईला आणि आप्पांच्या बायकोला त्याची सोय झाली. मिरच्या हव्यात का, दूध नासलं का, सगळं त्यातून विचारलं जायचं. म्हैस मात्र बिथरली ती बिथरलीच. ड्रिल सुरू झालं की ती पान्हा चोरायची. शेवटी आप्पांनी विनंती केली, की मास्तरांनी धारेची वेळ सोडून यंत्राची सेवा करावी.

दुसरं काम स्वयंपाकघरातल्या फळीचं. आईची पितळी भांडी, डबे, पातेली, सगळी एका फळीवर बसावीत म्हणून बाबांनी सागाची जाड फळी आणली. भिंतीला भोकं पाडून त्यात लाकडाच्या गुट्ट्या ठोकायच्या आणि गुट्टीत स्क्रू पिळायचा, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पण भोक मोठं आणि गुट्टी लहान झाल्यावर बाबांनी उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि वरून चुना फासला. आप्पा दारात उभे राहून बघत होते. "फळी झ्याक हाय," ते म्हणाले. "यंत्रबी झ्याक हाय. फकस्त भिताडाला ते कुणी सांगितल्यालं न्हाई."

त्या रविवारी पाळकसाहेब जेवायला होते. मटण शिजलं होतं, बाजरीच्या भाकरी टोपल्यात होत्या, आणि पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत होते. त्यांची प्रार्थना म्हणजे आफ्रिकेपासून सुरू होऊन शिरूर तालुक्यात यायला रस्सा गार व्हायचा. ते चीनच्या आसपास असताना डोक्यावर काहीतरी कुरकुरलं. मी एक डोळा उघडला. फळी हळूहळू मान टाकत होती. पुढच्या क्षणी आईचा सगळा संसार खाली आला. हंडा गडगडत पाळकसाहेबांच्या मांडीपाशी थांबला, एक पातेलं थेट मटणात पडलं. "आमेन," पाळकसाहेब म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात आटोपशीर प्रार्थना असावी. पलीकडून भोकातून आप्पांच्या बायकोने विचारलं, "काय पडलं वो?" आई म्हणाली, "मास्तर."

यानंतर दुसऱ्या कुणी पेटी बंद केली असती. बाबांनी निष्कर्ष काढला, की दोष भिंतीचा. तेव्हा भिंतीची गरजच न लागणारी मांडणी करायची. चार खांब, चार फळ्या, जमिनीवर उभी. खांबांना भोकं पाडायची आणि बोल्टने फळ्या जोडायच्या. मी तेव्हा नववीत होते. खरं सांगायचं तर मला त्या ड्रिलचं वेड लागलं होतं. बाबा शाळेत गेले की मी पेटी उघडून ती टोकं लहानमोठ्या क्रमाने लावून ठेवायची. पण ड्रिलला हात लावायची मला परवानगी नव्हती. मी लाकूड धरायचं.

तो शनिवार होता. शनिवारी आमच्याकडे न्हाणं, रविवारच्या उपासनेसाठी. माझे केस कमरेखाली होते. आई ते शिकेकाईने धुवायची, धूप द्यायची, आणि वाळेपर्यंत बांधू द्यायची नाही. चर्चमधल्या बायका माझ्या केसांकडे बघून आईला म्हणायच्या, रुथला स्थळ शोधायला नको, केस बघून येतील. मी ओले केस पाठीवर मोकळे सोडून उकिडवी बसले होते आणि दोन पाटांवर आडवा ठेवलेला खांब दोन्ही हातांनी दाबून धरला होता. बाबांनी तीन भोकं पाडली. चौथ्याच्या वेळी खांब हलायला लागला.

"घट्ट धर. वाक जरा," बाबा म्हणाले.

मी वाकले. केसांची एक बट खांद्यावरून पुढे आली. ती ड्रिलच्या तोंडाशी गेलेली मला दिसली, आणि मग काही दिसलंच नाही. कुणीतरी माझं डोकं धरून हिसडलं. गाल यंत्राच्या गरम अंगावर आपटला, कानामागे फाटल्याचा आवाज आला. हो, आवाजच आधी आला, दुखलं नंतर. माझं किंचाळणं आणि ड्रिलचं एकमेकांत मिसळून गेलं. बाबांनी बोट काढलं होतं. तरी ड्रिल फिरतच होतं. बाबा ते दोन्ही हातांनी आवळून धरून त्याला ओरडून सांगत होते, "थांब! थांब म्हणतो ना!" वर्गातल्या दांडगट पोराला सांगावं तसं. मग एकदम शांत झालं. मला वाटलं मी मेले. पण आई दाराशी उभी होती, आणि तिची पाची बोटं, उघडी, कणकेने ओली, दिव्याच्या बटणावर होती.

केस आईनेच कापले, ड्रिलच्या तोंडाशी कात्री घालून. आप्पांनी मला उचलून दवाखान्यात नेलं. कानामागे टाके पडले. डॉक्टरांनी उरलेले केसही त्या बाजूने भादरले, तेव्हा दुसरी बाजू ठेवण्यात अर्थ नव्हता. आरशात पाहिलं तर चकोट डोक्याच्या येशूबाचा धाकटा भाऊ दिसत होता. शाळेत पोरी समोर काही बोलायच्या नाहीत, मागे "बोडकी" म्हणायच्या. चर्चमध्ये बायका आईला धीर द्यायच्या, केस परत येतील म्हणायच्या, आणि स्थळांबद्दल आता काही बोलायच्या नाहीत. मी रडले, पण केसांसाठी कमी रडले. बाबांसाठी जास्त. बाबा माझ्याकडे बघेनासे झाले होते. जेवताना ताटाकडे बघायचे, बोलायचं झालं तर आईला सांगायचे, "तिला दूध दे." जगातलं सगळं ठाऊक असलेला माणूस एकाएकी कशावरच मत देईना. भाजीत मीठ जास्त झालं तरी गप्प. ड्रिल पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेलं. आईने एकदाही त्यांना बोल लावला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

परीक्षा संपली तशी आईने मला दौंडला तिच्या भावाकडे पाठवलं. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. एसटीत बाबा शेजारी बसले होते. न्हावऱ्याला गाडी थांबली, टपावर कांद्याची पोती चढत होती, खालून एक बाई काकड्या विकत होती. बाबांनी काकडी घेतली, मीठ लावून माझ्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघत बसले. दौंडपर्यंत एवढंच संभाषण.

दाविदमामा रेल्वेत फिटर होते, इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमध्ये. शेडच्या भोंग्यावर त्यांच्या घरातलं सगळं चालायचं. उठणं, जेवणं, मामीचं ओरडणंसुद्धा. वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची काजळी बसायची, म्हणून त्या क्वार्टरांतले सगळे लोक करड्या रंगाचे दिसायचे. मामी सुक्या बोंबलाचं कालवण असं करायची की शेजारचे तमिळ गार्ड वाटी घेऊन यायचे. मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. पहिल्या दिवशी त्यांनी माझं डोकं इकडून तिकडून तपासलं, इंजिनाचा बिघाड बघावा तसं, आणि मग आपली बोटं माझ्यापुढे धरली.

"ही पयली चूक," ते म्हणाले. "ही दुसरी. तिसरी न्हाई केली. तुजी एकच झाली, आन् ती बी उगवून येणारी. रडतीस कशाला?"

व्हरांड्यात त्यांचं एक जुनं बाक होतं, त्याला लोखंडी वाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, ठोकलेला. शेडमधून आले की चहा आणि डबल रोटी खायची आणि त्या बाकावर काहीतरी करत बसायचं, हा त्यांचा नेम. मी बघत बसायची. आठवडाभराने त्यांनी हाताने फिरवायचं ड्रिल माझ्याकडे दिलं. मी लाकडाचा तुकडा डाव्या हाताने धरला तशी त्यांनी हातावर चापट मारली.

"लाकूड धराया वाइस असतो. माणूस नसतो. मास्तरला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

मग रोज एकेक. आधी खिळ्याने खूण ठोकायची, म्हणजे टोक घसरत नाही. आधी छोटं भोक, मग मोठं. भोक गुट्टीएवढं, गुट्टी भोकाएवढी, कागदाचे बोळे पाळण्यातल्या बाहुलीत भरायचे. भिंतीला भोक पाडायच्या आधी बोटाने ठोकून ऐकायचं, ती काय म्हणते. वजन टाकायचं नाही, टोकाला त्याचं काम करू द्यायचं. मामांनी अपघाताबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही. पण मला न्यायला बाबा येणार म्हटल्यावर त्यांनी कार्ड टाकलं. येताना ते मशीन आणा, नाहीतर पोरगी मिळणार नाही.

बाबा आले. पेटी त्यांनी व्हरांड्यात दाराबाहेरच ठेवली, विंचू ठेवावा तशी. मामांनी ड्रिल बाहेर काढलं, उलटंसुलटं केलं आणि मुठीशेजारचं एक बारीक बटण दाखवलं.

"दाजी, ह्ये बघितलं व्हतं का? जोरात धरताना ह्ये दाबलं गेलं की बोट काढलं तरी मशीन चालूच ऱ्हातं. परत घोडा दाबला तरच सुटतं."

मामांनी पेटी रिकामी करायला घेतली, तेव्हा तळाला अंथरलेल्या कापडाखाली एक पातळ पुस्तक निघालं. पानं एकमेकांना चिकटलेली, कधी कुणी उघडलीच नव्हती. इतक्या वेळा पेटी उचकली, पण ते कापड मीही कधी उचललं नव्हतं. मामांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ते बाबांपुढे धरलं. बाबांनी हात पुढे केला नाही, तसं माझ्यापुढे धरलं.

"वाच. मराठीत सांग मला."

मी पान सोडवलं आणि एकेक ओळ वाचून मराठी करत गेले. यंत्र कोरड्या जागी ठेवावे. काम करताना वस्तू घट्ट बांधून घ्यावी. तिसरी ओळ मी इंग्रजीत वाचली आणि थांबले.

"मंग?" मामा म्हणाले.

"लांब केस," मी म्हणाले, "आणि सैल कपडे फिरत्या भागापासून दूर ठेवावेत."

शेडमध्ये एक इंजिन वाफ सोडत होतं. मामी दारात येऊन उभी राहिली होती. बाबा बाकाच्या कडेला बसले. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, डोक्याकडे, बोटभर वाढलेल्या केसांकडे.

"मी इंग्रजीचा शिक्षक," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी बघितलं होतं, उघडलंच नाही. मला वाटलं, त्यात काय वाचायचंय."

मामांनी त्यांची समजूत काढली नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. "फुडं वाच," ते मला म्हणाले. मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग मामीने सांगून टाकलं, की एवढं वाचन झालंच आहे तर तिला मोरीशेजारी फळी हवीय आणि कधीपासून हवीय.

डोक्याला मामीचा रुमाल घट्ट बांधून मी ड्रिल हातात घेतलं. मामांनी आत जाऊन खटका दाबला आणि तिथेच हात ठेवून उभे राहिले. मी भिंत बोटाने ठोकून बघितली, खिळ्याने खूण केली. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता सांगणार. थोडं वर, थोडं डावीकडे, पाय असा ठेव. चौदा वर्षं सांगतच आले होते. शाळेतही ते पोरांना जे प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं त्यांना आधीच ठाऊक असायची.

"रुथ," ते म्हणाले, "किती खोल जायचं?"

मी वळून बघितलं. ते खरंच विचारत होते.

"दोन इंच," मी म्हणाले. "टोकाला दोरा बांधलाय. दोरा भिंतीला टेकला की थांबायचं."

"बरं," बाबा म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले.

मी घोडा दाबला. तो आवाज पुन्हा कानाशी आला तेव्हा डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत. विटेचा लाल भुगा खाली सांडायला लागला. दोरा भिंतीला टेकला. मी बोट काढलं. ड्रिल थांबलं. सरळ, गोल, दोन इंचाचं भोक, आणि भिंत जागच्या जागी.

"आत भुगा राहिलाय," बाबा म्हणाले. ते पुढे आले, भोकाशी वाकले आणि त्यांनी जोरात फुंकर मारली. सगळा भुगा उलटा त्यांच्याच तोंडावर आला. भुवया लाल, मिशा लाल. मामी पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग मी, मग आतून मामा. बाबा डोळे चोळत मोरीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

नंतरच्या आयुष्यात मी शेकडो भोकं पाडली, स्वतःच्या घरात, लोकांच्या घरांत, ज्यांनी मला बोडकी म्हटलं त्यांच्याही स्वयंपाकघरांत. विटेचा भुगा डोळ्यांत बरेचदा गेला. पाण्याचे दोन हबके मारले की डोळा साफ होतो. त्या दिवशी मी दुसरं भोक पाडलं, तिसरं पाडलं, गुट्ट्या ठोकल्या, फळी चढवली, मामीने तिच्यावर तांब्या ठेवून बघितला. तरी बाबा मोरीतच होते, आणि आतून पाण्याचा आवाज येत नव्हता. शेवटी मामीने दारावर थाप मारून विचारलं, हंड्यातलं पाणी संपलं असेल, दुसरा हंडा आणून देऊ का.